वहाणेतला क्रूस

एकदा एक माणूस देवाची सेवा करायला निघाला आणि मध्येच त्याला वहाणा शिवत बसावं लागलं.

माणसाचं नाव बर्णबा. वय तीस-बत्तीस, आवाज खणखणीत, पवित्र शास्त्र बरंचसं तोंडपाठ. घरी बायको आणि एक लहान मुलगी. त्याची इच्छा एकच होती. ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात जावं, पाळक व्हावं आणि व्यासपीठावर उभं राहून लोकांना वचन सांगावं. पण त्या विद्यालयात प्रवेश मिळवायला आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या जुन्या पंचाचं शिफारसपत्र लागत असे. त्याच्या मंडळीत सर्वांत जुने पंच होते शलमोन मिस्त्री. बर्णबा त्यांच्याकडे गेला, आपली तळमळ त्याने सविस्तर सांगितली. मिस्त्रींनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "पत्र देतो. त्याआधी दोन वर्षं माझ्यापाशी काम कर."

हे काम म्हणजे वहाणा. गावाबाहेर मिशनचा एक दवाखाना होता. तिथे कुष्ठरोगाचे रुग्ण येत आणि औषधाने बरेही होत. पण रोग गेला तरी पायाची गेलेली जाणीव बहुधा परत येत नसे. अशा पायात काटा रुतला तरी माणसाला कळत नाही, निखारा लागला तरी कळत नाही. तो त्याच पायावर चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि शेवटी पाय कापायची पाळी येते. म्हणून दवाखान्याच्या मागच्या खोलीत शलमोन मिस्त्री गेली छत्तीस वर्षं अशा पायांसाठी वहाणा करत होते. आत जाड मऊ रबर, खाली टणक तळ, वर रुंद चामडी पट्टे. सगळं शिवलेलं किंवा चिकटवलेलं. त्या खोलीत खिळ्यांचा डबा नव्हता. कुणी चुकून खिळा घेऊन आलंच, तर मिस्त्री त्याला दारातूनच परत पाठवत.

मिस्त्रींची एक पद्धत होती. वहाण पुरी झाली की ते ती मांडीवर घेत, पट्ट्यांखालून मनगटापर्यंत हात आत घालत आणि डोळे मिटून स्वस्थ बसत. बोटं आत हळूहळू फिरत. मग हात उलटा करून पुन्हा एकदा. घाईचं काम असलं तरी यात घाई नसे.

पहिल्या आठवड्यात हे पाहिलं तेव्हा बर्णबा भारावून उभा राहिला. त्याने मान खाली घातली, हात जोडले आणि मिस्त्रींचा हात बाहेर येताच भक्तिभावाने 'आमेन' म्हटलं.

मिस्त्रींनी डोळे उघडले. "काय झालं?"

"तुम्ही प्रार्थना करत होता ना?"

"दोऱ्याची गाठ वर आलीय का बघत होतो," मिस्त्री म्हणाले आणि दुसरी वहाण उचलली.

बर्णबा ओशाळला. खरं सांगायचं तर तो हिरमुसलाच. मंडळीचा सर्वांत जुना पंच, आणि हातात वहाण घेऊन त्याच्या मनात दोऱ्याची गाठ यावी, हे काही त्याला पटलं नाही.

तरी तो कामाला चांगला निघाला. रापीने चामडं कापायला शिकला, आरीने भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याने शिवायला शिकला, कागदावर पायाचं माप काढायला शिकला. मिस्त्रींनी त्याच्याकडून आणखी एक गोष्ट पाठ करून घेतली होती. नवी वहाण देताना रुग्णाला काय सांगायचं, त्याचे शब्द ठरलेले होते. पहिल्या दिवशी अर्धा तास घाला. दुसऱ्या दिवशी एक तास. रोज संध्याकाळी पाय धुवा आणि आरशात तळवा बघा. लाल दिसलं तर वहाण काढा आणि इकडे या. तळवा बघण्यासाठी प्रत्येकाला दवाखान्यातून एक छोटा आरसा मिळत असे. बर्णबा हे शब्द दिवसातून दोन-तीनदा म्हणे आणि म्हणताना त्याला आपला आवाज वाया जातोय असं वाटे.

एक वर्ष दहा महिने गेले. पत्राला दोन महिने उरले होते. पण बर्णबाच्या मनात एक गोष्ट सलत होती. सहा दिवस चामडं आणि सातव्या दिवशी दोन तास देव, ही वाटणी त्याला खोटी वाटे. देव जर खरा असेल तर तो सोमवारीही असायला हवा, या खोलीतही असायला हवा, असं तो स्वतःशी म्हणे. विचारात खोट नव्हती. कित्येक भाविकांना जन्मभर जे सुचत नाही, ते त्याला सुचलं होतं. पुढे त्याने जे केलं, ते मात्र फार भरभर केलं.

झालं असं, की मिस्त्री आपल्या नातीच्या बाप्तिस्म्यासाठी आठ दिवस लेकीकडे गेले. खोली बर्णबाच्या हाती आली. त्या आठवड्यात त्याने आठ जोड तयार केले, आणि प्रत्येक वहाणेच्या आत, मऊ रबराच्या बरोबर मधोमध, पांढऱ्या मेणदोऱ्याने अंगठ्याएवढा एक क्रूस शिवला. आडवा टाका, उभा टाका, मधे पक्की गाठ. प्रत्येक क्रूस शिवून झाला की तो डोळे मिटून त्या माणसासाठी मनापासून प्रार्थना करी. इतका आनंद त्याला त्या खोलीत याआधी कधी झाला नव्हता. आता आपलं काम आणि आपली श्रद्धा एकाच टाक्यात आली, असं त्याला वाटलं. मिस्त्री परत आल्यावर काय म्हणतील, याची तो लहान मुलासारखी वाट पाहू लागला.

आठपैकी सात जोड मंगळवारी न्यायचे होते. एक जोड मात्र शनिवारीच गेला. डोंगरालगतच्या वाडीतली ठकूबाई तो घेऊन गेली. साठीची, एकटी, दोन शेळ्यांवर गुजराण करणारी बाई. तिच्या दोन्ही पायांना काही कळत नव्हतं आणि डाव्या पायावर आधी एकदा मोठी जखम होऊन गेली होती. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की या पायावर पुन्हा तसं झालं तर पाय वाचवणं अवघड जाईल. बर्णबाने तिच्या पायांत नव्या वहाणा चढवल्या. ठरलेले शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण त्या दिवशी ते त्याला फार कोरडे वाटले. त्यांच्याऐवजी तो म्हणाला, "आजी, यात प्रभूचं चिन्ह आहे. मी प्रार्थना करून शिवलंय. आता निर्धास्त चाला."

ठकूबाई ख्रिस्ती नव्हती. पण देव कोणताही असो, त्याचं नाव घेऊन कुणी आपल्या पायांत वहाण घालतं आहे, याने तिचे डोळे भरून आले. तिने बर्णबाच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती गेली.

सोमवारी सकाळी मिस्त्री आले. टोपी खुंटीला लावली, बर्णबाला नातीच्या नावाने आणलेली मिठाई दिली आणि फळीवरचा पहिला जोड उचलला. नेहमीप्रमाणे हात आत घातला. बोटं फिरली आणि एका जागी थांबली. मिस्त्रींनी डोळे उघडून आत पाहिलं. बर्णबा हसत उभा होता.

मिस्त्रींनी रापी घेतली आणि तिच्या टोकाने तो क्रूस उसवायला सुरुवात केली.

बर्णबाला आधी वाटलं, टाका कुठे चुकला असेल. पण एक झाला, दुसरा झाला, मिस्त्री तिसऱ्याला हात घालू लागले. पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे त्यांच्या धोतरावर पडत होते. ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर काही निरोप घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थबकल्या. "मिस्त्री, अहो क्रूस आहे तो," त्या म्हणाल्या.

"दिसतंय मला," मिस्त्री म्हणाले.

सिस्टर निरोप न सांगताच परत गेल्या. मंडळीचा पंच क्रूस उसवत बसलाय, ही बातमी तासाभरात दवाखानाभर होणार हे उघड होतं. बर्णबाचा चेहरा उतरला आणि मग रागाने तापला. दोन वर्षांत म्हाताऱ्याने एकदाही या खोलीत मोठ्याने प्रार्थना म्हटली नाही, आणि आता दुसऱ्याने देवाचं नाव आणलं तर तेही खुपतंय, असं त्याच्या मनात आलं.

चौदा वहाणांतले चौदा क्रूस उसवून झाले. मिस्त्रींनी विचारलं, "वहीत आठ जोड लिहिलेत. आठवा कुठाय?"

"ठकूबाई घेऊन गेल्या. शनिवारी."

"त्यातही हे होतं?"

"होतं."

मिस्त्रींनी उठून टोपी घातली. "चल," ते म्हणाले. "वाटेत काय बोलायचं ते बोल, पण पाय उचल."

सोमवारी सकाळी ती खोली बंद झाल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. दोघे एसटीने फाट्यावर उतरले आणि वाडीची वाट चालू लागले. मिस्त्री सत्तरीचे. चढावर त्यांना धाप लागे, पण ते थांबत नव्हते. बर्णबाचा राग अजून निवला नव्हता. तो म्हणाला, "मिस्त्री, मी वाईट काय केलं? तिच्यासाठी प्रार्थनाच केली ना?"

"ते मागनं बघू. आधी तिला गाठू," मिस्त्री म्हणाले.

वाडीत ठकूबाईच्या दाराला कडी होती. शेजारचा म्हादू अंगणात दावं वळत बसला होता. तो म्हणाला, "आजी बाजाराला गेलीय डोंगरापल्याड. नव्या वहाणा गावल्यापासून एका जागी ठरतच न्हाई ती. काल लेकीकडं जाऊन आली, आज बाजार."

मिस्त्रींनी बर्णबाकडे पाहिलं. बर्णबाने मनातल्या मनात हिशेब केला. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास. लेकीचं गाव सहा मैलांवर होतं. त्याचा राग तिथल्या तिथे विरला आणि त्या जागी भीती आली.

डोंगराच्या अर्ध्यावर त्यांना ती दिसली. डोक्यावर बोचकं घेऊन ती समोरून उतरत होती, ताठ, झपझप, एखाद्या तरण्या बाईसारखी. बर्णबाला हायसं वाटलं. काही झालं असतं तर ती लंगडली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी त्याला आठवलं की या बाईला लंगडता येत नाही. पाय दुखला तर माणूस लंगडणार. ती जवळ आली तेव्हा डाव्या वहाणेच्या कडेला एक ओला काळसर डाग त्याला दिसला.

"अरं, तुम्ही हिकडं कुठं?" ठकूबाई आनंदाने म्हणाली.

"तुलाच भेटाया आलो. बस जरा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तिला एका जांभळाखाली दगडावर बसवलं, स्वतः खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेतला. वहाण सोडवली. रबराला रक्त लागलेलं होतं. तळव्यावर टाक्यांची आडवी रेघ उमटली होती, उभी रेघ उमटली होती, आणि जिथे दोन्ही एकमेकींना छेदत होत्या तिथे, गाठीच्या जागी, बोराएवढी जखम झाली होती.

मिस्त्रींनी हाताची पाठ जखमेभोवती लावून पाहिली. मग बर्णबाचा हात धरून तिथे ठेवला. पाय तव्यासारखा तापला होता.

ठकूबाईने वाकून पाहिलं. "आगं बाई, हे कवा झालं?"

"आजी, आरशात बघितलं नाही का?" बर्णबाने विचारलं. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू येईना.

"न्हाई बघितलं, लेकरा. धा वर्सं रोज बघतीया, एक दिस चुकले न्हाई. पर तूच म्हनलास न्हवं, देवाचं निशान हाय, निर्धास्त चाला. मंग म्या म्हनलं, आता बघाया कशाला हवं? देवावर इस्वास न्हाई असं व्हईल ते." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. जे झालं ते सांगितलं. तिने तोंडात मारली असती तर बर्णबाला बरं वाटलं असतं.

आता तिला एक पाऊलही टाकू द्यायचं नव्हतं. बर्णबा तिच्यापुढे पाठ करून बसला. ती संकोचाने मागे सरली. "नगं रं. लोक काय म्हनतील? माज्या अंगाला लोक हात लावत न्हाईत आन् तू पाठीवर घेतुस?" तिची समजूत काढायला वेळ लागला. शेवटी मिस्त्रींनीच तिला दटावून त्याच्या पाठीवर बसवलं. ते स्वतः बोचकं घेऊन मागून चालू लागले. ठकूबाई वजनाने हलकी होती. तरी त्या उतारावर बर्णबाला घाम फुटला, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते.

वाडीत आल्यावर मिस्त्रींनी म्हादूला बैलगाडी जुंपायला सांगितलं. फाट्यापर्यंत गाडी आणि तिथून एसटीने दवाखाना. शेळ्या म्हादूची बायको बघणार होती. तोवर बर्णबाने घंगाळात पाणी घेतलं आणि ठकूबाईच्या उंबऱ्याशी बसून तो तिचा पाय धुऊ लागला. दरवर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, त्यांच्या पाळकांना त्याने बारा जणांचे पाय धुताना पाहिलं होतं. त्यासाठी निवडलेली माणसं घरून पाय घासूनपुसून येत. आपणही कधीतरी त्या जागी बसू आणि असे पाय धुऊ, हे त्याचं जुनं स्वप्न होतं. आत्ता मात्र त्याला यातलं काही आठवलं नाही. जखमेच्या कडेला माती राहिली आहे एवढंच त्याला दिसत होतं.

पाय पुसून, स्वच्छ फडकं बांधून झालं. अंगणात म्हादू बैल आणत होता. बर्णबा मिस्त्रींपाशी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "मी देवाला या कामात आणायला गेलो होतो, मिस्त्री."

मिस्त्रींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चूक माझीबी आहे," ते म्हणाले. "गाठ कशी शोधायची ते तुला दोन वर्षं शिकवलं. का शोधायची ते सांगितलं नाही. मला वाटलं, तुला कळत असंल." त्यांनी ठकूबाईच्या पायाकडे बोट केलं. "बर्णबा, ह्या पायाचं दुखणं ह्या बाईपर्यंत पोचत नाही. मग ते कुणाला तरी आधी कळाया पाहिजे का नको? म्हणून मी हात घालतो. तिला जे टोचणार ते आधी माझ्या बोटाला टोचावं. देवानं मला ह्या खोलीत बसवलं ते एवढ्यासाठी, असं मी समजतो. तू त्याला आणायला निघालास. पण तो गेली छत्तीस वर्षं त्या खोलीत आहेच की. तू त्याचं चिन्ह नेऊन तिच्या पायाखाली ठेवलंस, आणि त्यानं सांगितलेलं काम तेवढं सोडलंस."

समोर म्हादूने बैलांच्या मानेवर जू ठेवलं. एका बैलाने मान हलवली. म्हादूने जू उचलून खालून हात फिरवला, एक कुसळ काढून टाकलं आणि जू परत ठेवलं. मिस्त्री ते पाहत होते.

"आपला प्रभू सुतारकाम करायचा," ते म्हणाले. "त्यानंही जू केलं असंल. शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, मला आपलं वाटतं. मी पुष्कळदा मनात आणतो, त्यानं त्या जुवावर काय कोरलं असंल? बहुतेक काहीच नाही. खालनं गुळगुळीत केलं असंल. बैल दिवसभर राबला आणि त्याचा खांदा सोलवटला नाही. जू कुणी केलं ते त्या बैलाला कधी कळलंबी नसंल."

"म्हणजे त्याचं नाव घ्यायचंच नाही का?"

"घ्यायचं की. मी घेत नाही का रविवारी? पण ते नाव घेतल्यावर समोरच्या माणसानं पाय बघायचं सोडलं, तर आपलं घेणं चुकलं."

बर्णबाने मान खाली घातली. "मग मी विद्यालयात जाऊ नको," तो म्हणाला.

"असं कुठं म्हटलं मी? जा खुशाल. पण तिथनं पाळक होऊन आलास तरी लोकांच्या पायाखाली जाणारं काहीतरी तू शिवणारच आहेस. सांगणं म्हणजे तरी काय? लोक त्याच्यावर चालतात. ते द्यायच्या आधी आत हात घालून बघ, एवढंच."

ठकूबाई उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मिस्त्री, त्याला लई बोलू नगा. पाठीवर घिऊन आलाय त्यो मला."

गाडी तयार झाली.

ठकूबाई दवाखान्यात दोन महिने राहिली. पहिले पंधरा दिवस पायाचं काही खरं नव्हतं. डॉक्टर रोज येऊन जखम पाहत. त्या दिवसांत बर्णबाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो रोज सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी कामानंतर तिच्या खाटेपाशी जाई. प्रार्थना करी, पण आता बहुतेक वेळा त्याला शब्द सुचत नसत. तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या कडा आत यायला लागल्या. पाय वाचला.

मधल्या काळात त्याने तिच्यासाठी वहाणांचा नवा जोड केला. तो मिस्त्रींना दाखवण्याआधी त्यानेच मोडला. दुसरा केला. त्याच्या डाव्या पायाच्या पट्ट्यावर कड जरा जाड राहिली होती. ती रापीने तासली, पुन्हा हात घातला, पुन्हा तासली.

एके दिवशी मिस्त्री चामडं भिजवता भिजवता म्हणाले, "विद्यालयाच्या अर्जाची तारीख गेली की रे. पत्र मी लिहून ठेवलं होतं. तू मागितलंच नाहीस."

"पुढच्या वर्षी बघू," बर्णबा म्हणाला. त्याला ते खरोखरच आठवलं नव्हतं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

ठकूबाईला घरी सोडायचा दिवस आला. ती काठी टेकत मागच्या खोलीत आली. बर्णबाने नव्या वहाणा पुढे ठेवल्या आणि ठरलेले शब्द एकेक करून सांगितले. पहिल्या दिवशी अर्धा तास. दुसऱ्या दिवशी एक तास. रोज संध्याकाळी पाय धुवा आणि आरशात तळवा बघा. लाल दिसलं तर वहाण काढा आणि इकडे या. त्यात त्याने स्वतःचं काही घातलं नाही, काही वगळलं नाही. हेच शब्द त्याला पूर्वी कोरडे वाटत. त्या दिवशी त्याने ते पुन्हा एकदा सांगितले.

ठकूबाईने वहाण उचलून आत डोकावलं. "या खेपेला निशान न्हाई काढलंस?"

"नाही, आजी."

"मंग आत समदं बरं हाय न्हवं? माज्या बोटांनाबी कळत न्हाई रं. तूच बघ एकदा."

सकाळपासून त्याने ती वहाण चारदा तपासली होती. तरी त्याने ती मांडीवर घेतली, पट्ट्यांखालून मनगटापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले. बोटं हळूहळू फिरू लागली. टाचेपासून पुढे, मग कडेने, मग पाऊल जिथे जोर देतं त्या जागी. तिचा तळवा आता त्याला पाठ होता.

त्याच वेळी मंडळीचे पाळक मिस्त्रींना भेटायला आले. दारात त्यांनी पाहिलं, बर्णबाचे डोळे मिटलेले आहेत आणि समोर म्हातारी स्वस्थ उभी आहे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मान खाली घालून ते दारातच उभे राहिले.

"या, आत या, पाळकसाहेब," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "वहाण बघतोय तो."

पाळकांनी मान हलवली, पण बर्णबाचा हात बाहेर येईपर्यंत ते दारातून हलले नाहीत. आणि या वेळी मिस्त्रींनीही त्यांना दुसऱ्यांदा बोलावलं नाही.